धावणाऱ्या दोघांची संगत

थंडी आली हे मला अंगावरून कळत नाही, तबल्यावरून कळतं. पावसाळाभर दमट हवेनं ढिली पडलेली कातड्याची पुडी दिवाळीनंतर आवळायला लागते आणि एका सकाळी हातोडी न लावताच तबला काळी एक या सुराच्या वर चढून बसतो. मग मी कपाटातून स्वेटर काढतो, डांबरगोळ्यांच्या वासानं मला शिंक येते आणि आमच्या घरात हिवाळा सुरू झाल्याचं जाहीर होतं. सुमन, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणते, "झाली का पहाटंची कटकट सुरू?"

कटकट म्हणजे फोन. कालच तबला चढला आणि आज उजाडायच्या आत फोन वाजला. पलीकडून बुवा म्हणाले, "दत्ता, थंडी पडली रे. त्याला उठव." मी हो म्हणून पांघरुणात शिरतोय तोच दुसरा फोन. पलीकडून खाँसाहेब म्हणाले, "दत्तामियाँ, क्या मौसम हुआ है! उनकू उठाव." दोघांकडे एकमेकांचे नंबर आहेत. दोघांची घरं एका हाकेच्या अंतरावर नसली तरी दोन हाकांच्या अंतरावर नक्की आहेत. पण उठवायचं काम माझ्याकडे. तबलजीचा जन्मच मधे बसण्यासाठी असतो, हे मी फार पूर्वीच समजून घेतलं आहे. समजून घेतलं म्हणजे आवडलं असं मात्र कुणी समजू नये. पहाटे उठणं हा प्रकार मला भैरव-तोडीसाठीसुद्धा पसंत नाही.

बुवा म्हणजे गंगाधरबुवा. ख्याल गातात. देशात कुठंही त्यांचं नाव निघालं की जाणकार माणूस आधी मान हलवतो आणि मग बोलतो. खाँसाहेब म्हणजे शब्बीर खाँसाहेब. त्यांची सतार ऐकायला लोक विमानानं जातात आणि परतीचं विमान चुकवतात. दोघेही साठीच्या पुढचे आणि छत्रपती संभाजीनगरातल्या एकाच गल्लीत वाढलेले. आणि दोघेही लांब पल्ल्याचे धावपटू आहेत, अगदी शर्यतीत उतरून जवान पोरांना घाम फोडणारे. इथं ऐकणारा थांबतो आणि माझ्याकडे संशयानं पाहतो. कलावंत म्हटला की लोकांच्या डोळ्यासमोर लोड, तक्क्या, पान आणि हळूहळू गोल होत गेलेलं पोट येतं. ती परंपरा आमच्या तिघांत मी एकट्यानं सांभाळली आहे.

धावण्याची सवय त्यांना शाळेपासूनची. शाळा खाम नदीच्या पलीकडे आणि दोघांच्या तालमीची घरं अलीकडे. शाळेची घंटा आणि तालमीची वेळ यांच्यात इतकं थोडं अंतर होतं की चालत जाणाऱ्या मुलाला संगीत येणं शक्यच नव्हतं. बुवांचे गुरुजी उशीर झाला की दार लावून घेत. खाँसाहेबांचे वालिद दार उघडं ठेवत आणि हातात छडी घेऊन बसत. त्यामुळे दोन पोरं दप्तर पाठीवर टाकून रोज पुलावरून सुसाट सुटायची, आणि त्यांच्यात पुढं कोण हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पुढं दोघे मोठे झाले, नावं झाली, धावणं सुटलं. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी बुवांना चालायला सांगितलं. बुवा एकटे कसे चालणार म्हणून खाँसाहेब आले. चालताना एक जण अर्धं पाऊल पुढं गेला की दुसरा पाऊलभर पुढं जाई, आणि असं करत करत आठवड्याभरात दोघे पळायला लागले. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, कारण पाण्याची बाटली धरायला मी होतो.

पळण्यात दोघांचं घराणं वेगळं. बुवा गायक असल्यामुळे थंडीला भितात. कानटोपी, लोकरी मफलर, तोंडात ज्येष्ठमधाची काडी, असा माणूस पळायला निघालाय की काकडआरतीला, हे विद्यापीठाच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना कधी कळलं नाही. सुरुवात इतकी विलंबित की शेजारून दूधवाला सायकल हातात धरून चालत पुढं जाई. बुवा म्हणत, "आधी रस्ता समजून घ्यायचा. रागाला घाई केली की राग रुसतो." खाँसाहेबांचं सगळं बुटांत. नवे बूट घ्यायला ते मला निराला बाजारात घेऊन गेले आणि दुकानातल्या फरशीवर एकेक जोड घालून डोळे मिटून चालले. दुकानदार म्हणाला, "साहेब, टोचतंय का?" खाँसाहेब म्हणाले, "नक्को, बात मत करो. बायाँ जरा नीचे बोल रहा." सगळं दुकान खाली उतरवल्यावर त्यांना दोन्ही पाय एका सुरात बोलणारा जोड मिळाला. त्याचा रंग पोपटी होता. त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. डावा हात मात्र पळताना ते हातमोज्यात ठेवतात, कारण तारेनं पडलेले बोटांवरचे घट्टे थंडीत उलले तर सतार रुसते.

आणि दोघेही मोजत पळतात. पावलांचा तीनताल. सोळा पावलांचं आवर्तन, आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, यायची ती एखाद्या खुणेवर. बीबीच्या मकबऱ्याकडच्या वळणावर सम, चहाच्या टपरीवर सम, बेगमपुऱ्यातल्या गतिरोधकावर सम. एका सकाळी कुणी तरी रातोरात तिथं दुसरा गतिरोधक करून ठेवला. तो बरोबर खालीच्या, म्हणजे नवव्या, मात्रेवर येत होता. दोघे दिवसभर अस्वस्थ. बुवांनी संध्याकाळचा रियाज लवकर आटोपला आणि खाँसाहेब नान खलियाच्या मटण-रश्श्याचा वाडगा पुढं असून न जेवता म्हणाले, "नौवीं मात्रा पे पत्थर रखते क्या कोई?"

पळण्यात त्यांना काय सापडलं होतं ते मला एकदा बुवांनी सांगितलं. धुकं होतं, मकबऱ्याचा घुमट खालून पुसल्यासारखा नुसता वरच तरंगत होता, आणि दोघे टपरीवर चहाचा ग्लास गालाला लावून उभे होते. बुवा म्हणाले, "मी नुसतं खाकरलो तरी लोक वा म्हणतात रे दत्ता. चढण वा म्हणत नाही." खाँसाहेब म्हणाले, "हौ. सीधा दम निकालती." मग दोघे हसले. असे ते एकत्र हसले की मला बरं वाटायचं, का ते सांगायला हवं.

त्यांची जुगलबंदी ज्यानं ऐकली नाही त्याला ते सांगून कळणार नाही, तरी सांगतो. डावीकडे बुवा, उजवीकडे खाँसाहेब, मधे मी. बुवा एक आलाप अर्धा सोडून देत आणि खाँसाहेब उरलेला अर्धा तारेवर उचलत. कुठं एक संपला आणि कुठं दुसरा सुरू झाला हे मला, इतक्या जवळ बसून, कळत नसे. शेवटी द्रुत लयीत सवाल-जवाब चालायचा, मी तोच बोल तीनदा घेऊन तिहाई बांधायचो आणि तिघे मिळून समेवर पडायचो. त्या क्षणी मांडवातली माणसं ओरडत असतील, नसतील, मला ऐकू येत नसे. मी चांगला तबलजी आहे, मोठा नाही. पण त्या दोघांच्या मधे बसलो की मी मोठा व्हायचो. म्हणून ते दोघे एकत्र असणं ही माझी गरज होती. त्यांच्या गरजेचं त्यांनी पाहावं.

आणि नेमकं तेच बिनसलं.

आमच्याकडे दर हिवाळ्यात एक संगीत समारोह होतो. खुल्या मैदानात, शेकोटीच्या धुराचा वास नाकात घेत, गोधड्या पांघरून लोक ऐकतात. गाण्याच्या मैफलीचा एक अलिखित कायदा असतो. लहान कलाकार आधी बसतो, मोठा शेवटी. जितकं उशिरा बसाल तितके तुम्ही थोर. एका वर्षी आयोजकांना वाटलं, जुगलबंदी दर वर्षी होते, यंदा दोघांचं वेगवेगळं ऐकू. आता शेवटी कोण बसणार? वयावरून ठरवावं तर दोघांची जन्मतारीख एकच, एक जून. त्यांच्या शाळेच्या हेडमास्तरांनी अख्ख्या वर्गाला तीच तारीख वाटली होती. खाँसाहेबांच्या अम्मी सांगत की ज्या साली गल्लीतली विहीर ढासळली त्या साली शब्बू झाला, आणि बुवांच्या आई सांगत की विहीर ढासळली तेव्हा गंग्या रांगत होता की पोटात होता हे आता आठवत नाही.

आयोजकांनी बुवांना विचारलं. बुवा म्हणाले, "त्याला आधी बसवा. उशिरा थंडी वाढते, सतार सुरात राहत नाही बिचाऱ्याची." हे खाँसाहेबांपर्यंत पोचायला एक चहा लागला. खाँसाहेब म्हणाले, "सतार की फिकर नक्को बोलो. बुवा की आवाज देर रात कू लगती नहीं, उनकूच पहले बिठाव." हे परत यायला तेवढाही वेळ लागला नाही. मोठेपणाचा शब्द दोघांनी तोंडातून काढला नाही, नुसती एकमेकांची काळजी केली, आणि बोलणं बंद झालं. समारोहात त्या वर्षी दोघेही बसले नाहीत. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बुवा पुण्यात गात, खाँसाहेब हैदराबादेत वाजवत, आणि मी दोन्हीकडे जाऊन दोन्हीकडे मधे बसत असे. पण एका बाजूला माणूस नसला तर त्याला मधे म्हणत नाहीत.

पळणं मात्र दोघांनी सोडलं नाही. रस्ताही सोडला नाही. फक्त दिशा बदलल्या. बुवा हिमायतबागेकडून निघत आणि खाँसाहेब सोनेरी महालाकडून, म्हणजे कुणी कुणाच्या मागं पळतोय असं दिसायला नको. रोज मधे कुठं तरी समोरासमोर येत. तेव्हा बुवा मकबऱ्याकडे बघत आणि खाँसाहेब गोगाबाबाच्या टेकडीकडे. मी स्कूटरवर दोघांमधे येरझाऱ्या घालायचो, एका पिशवीत बुवांचं कोमट पाणी आणि दुसऱ्या पिशवीत खाँसाहेबांचे खजूर.

"त्याला म्हणावं टाच आपटतोयस. गुडघा जाईल," बुवा पळता पळता सांगत. मी स्कूटर वळवून हे पोचवायचो.

"उनकू बोलो, मफलर निकालो. पसीना जम को निमोनिया हुआ तो गाएँगे क्या," खाँसाहेब म्हणत. मी परत स्कूटर वळवायचो.

घरी आलो की सुमन माझं लाल झालेलं नाक बघायची. ती करमाडची, शेतकऱ्याघरची, तिला आडपडदा नाही. "तबला शिकलात का पोस्टमनकी?" ती म्हणायची. "लई मोठी माणसं म्हणता, अन् दोन शब्द बोलाया येईना त्यास्नी. आमच्या गावात बांधावरून डोकी फुटलेली माणसं हुरड्याला एका आगटीभवती बसत्यात." मी म्हणायचो, तुला संगीतातलं कळत नाही. ती म्हणायची, "नाय कळत. म्हणून तर झोपते सकाळी."

अशा तिसऱ्या हिवाळ्यात आमच्या शहरात मोठी दौड निघाली. एकवीस किलोमीटर, लेण्यांच्या रस्त्यानं जाऊन परत, आणि साठीपुढच्यांचा गट वेगळा. बुवांनी मला बोलावून हळूच सांगितलं, "नाव दिलंय. त्याला सांगू नकोस. या वेळी त्याच्यापुढं निघून दाखवतो." दुपारी खाँसाहेबांनी बोलावून तेच सांगितलं, दक्खनीत. मी दोघांच्या शाली सांभाळायला शेवटच्या रेघेपाशी उभं राहायचं ठरलं. एका खांद्यावर बुवांची शाल, दुसऱ्या खांद्यावर खाँसाहेबांची. त्या सकाळी शहरात सगळ्यात ऊबदार माणूस मी होतो आणि तरी मला हुडहुडी भरली होती. मला माहीत होतं की आज यातला एक जण हरणार आहे. हरलेला पुन्हा त्या रस्त्यावर येणार नाही, आणि मग निरोप न्यायलासुद्धा मला काही उरणार नाही.

पुढं काय काय घडलं ते मी नंतर ऐकलं. लोक गाड्या थांबवून बुवांना पाहत होते. वाटेत एका शिष्यानं गुरू दिसताच पळता पळता वाकून नमस्कार केला, आणि बुवा त्याच्यावरून उडी मारून, हवेतच आशीर्वाद देऊन, पुढं गेले. खाँसाहेबांना कुणी तरी सेल्फी मागितली तर ते म्हणाले, "तिहाई के बाद." पहिला बराच वेळ खाँसाहेब पुढं होते. बुवा रस्ता समजून घेत होते. परतीच्या चढणीवर बुवांनी मफलर काढून फेकला म्हणतात, आणि तो झेलायला दोन माणसं एकमेकांवर पडली म्हणतात. यातलं किती खरं ते मला माहीत नाही. पुढचं मात्र मी पाहिलं आहे.

रेघेपाशी माइकवर देवळे सर होते. आमच्या शहरात निवेदक एकच, देवळे सर. लग्न असो, शोकसभा असो, गणपतीचं बक्षीस असो, सूत्रं त्यांच्याकडे. संगीत समारोहाचं निवेदनही तेच करत. तरुण धावपटू येऊन गेले. मग लांबच्या सरळ रस्त्यावर दोन ठिपके दिसले. एक कानटोपीचा, एक पोपटी बुटांचा. साठीपुढच्यांत हे दोघे सगळ्यांच्या कितीतरी पुढं होते. बुवा चार पावलं पुढं, खाँसाहेब मागून सतारीचा द्रुत झाला वाजवल्यासारखे झपझप येत होते.

देवळे सरांनी दोघांना ओळखलं, त्यांचा ऊर भरून आला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "रसिकहो, आता आपल्यासमोर येताहेत गंगाधरबुवा! आणि त्यांच्यानंतर, सर्वांत शेवटी, ज्यांची आपण आतुरतेनं वाट पाहत आहात, ते शब्बीर खाँसाहेब!"

सर्वांत शेवटी हे शब्द बुवांच्या कानावर पडले आणि बुवा थांबले. रेघ त्यांच्यापासून पाच-सात हातांवर होती. एवढी दौड जिंकत आलेला माणूस, पण चेहऱ्यावर एकच भाव, की मी आधी? मागून येणाऱ्या खाँसाहेबांना रस्ता मोकळा होता. सरळ निघून जायचं. पण ते पाहतात तो बुवा थांबलेले, म्हणजे आता आपण गेलो तर आपण आधी. पोपटी बूट करकचून थांबले. दोघे जागच्या जागी पाय हलवत उभे राहिले, एक जण टेकडीकडे बघतोय, एक जण मकबरा जिकडे असेल तिकडे.

लोकांना वाटलं पायात गोळे आले. कुणी पाणी आणलं, कुणी स्प्रे आणला. घड्याळ धरलेला माणूस रडकुंडीला येऊन ओरडत होता, "काका, एक पाऊल टाका हो!" मला मात्र सगळं कळलं होतं. पोस्टमन होतो ना मी.

"दत्ता, त्याला म्हणावं जा पुढं," बुवा म्हणाले.

"दत्तामियाँ, उनकू बोलो, पहले आप," खाँसाहेब म्हणाले.

दोघांमधे हातभर अंतर. निरोप मात्र रेघेपलीकडच्या माझ्याकडून जाणार होता.

एवढ्यात गटातला तिसरा माणूस आला. वैजापूरचे कांद्याचे व्यापारी, लोक त्यांना अण्णा म्हणत. दर वर्षी समारोहाला पहिल्या रांगेत गोधडी टाकून बसणारा माणूस. आता हा निघून जाईल, दोघांचीही हार होईल, भांडण मिटेल, असं मला क्षणभर वाटलं. अण्णा धापा टाकत आले, समोर कोण उभं आहे ते पाहिलं आणि मागंच थांबले.

"अण्णा, जा की पुढं," मी ओरडलो.

"छ्या. बुवांच्या अन् खाँसाहेबांच्या पुढून जाऊ व्हय?" अण्णा म्हणाले. "आधी त्येंचं हू द्या. मला काय घाई नाय." आणि रस्त्यात मांडी घालता येत नाही म्हणून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या मागं चौथा आला, तोही थांबला. बघता बघता साठीपुढचा अख्खा गट रांगेत. शर्यतीची रेघ मोकळी, आणि अलीकडे दर्शनाला उभं राहावं तशी म्हातारी माणसं. देवळे सरांनी माइकवरून सगळ्यांना शांतता राखण्याची विनंती केली.

मग माझा संयम सुटला. तीन हिवाळे स्कूटर वळवून वळवून माझी मान आखडली होती. मी दोन्ही शाली तिथंच टाकल्या, रेघेवर जाऊन उभा राहिलो, आणि मला जे एकच येतं ते केलं. टाळी देऊन लय धरली. दोघांचे पाय जागच्या जागी हलतच होते, ते माझ्या टाळीत आले. यायचेच. पायांना भांडण माहीत नसतं. आवर्तन भरू दिलं आणि मी खच्चून तिहाई टाकली.

"तिरकिट तकता तिरकिट धा..."

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तिरकिट तकता तिरकिट धा..."

पावलं सुटली. बुवांची मान वर गेली, खाँसाहेबांचा हातमोज्यातला हात हवेत गेला. तिहाई ऐकून समेवर न पडणं हे या दोघांच्या हातात नव्हतंच. जेवणाचा घास तोंडात घेऊन माणूस गिळायचा थांबेल एक वेळ.

"तिरकिट तकता तिरकिट..."

धा वर दोघांचे पाय एकदम रेघेपलीकडे पडले. चार पाय, एक आवाज. मी तीन वर्षं तो आवाज ऐकला नव्हता. मागं अण्णांनी दोन्ही हात वर करून "जियो!" अशी दाद दिली आणि मग स्वतः सावकाश रेघ ओलांडली.

दोघे वाकून गुडघ्यांवर हात ठेवून दम खात होते. मग बुवांनी मान तिरकी करून, मला मधे न घेता, थेट बाजूला पाहिलं.

"शब्बू," ते म्हणाले, "लय चढली का रे याची?"

"चढी?" खाँसाहेब म्हणाले. "भागा वो, गंग्या. शुरू से भागता."

"याला ठाय लय कधी जमलीच नाही."

"तूच सर पे चढाया उसकू."

आणि तिथंच, घामाच्या धारा गाळत, दोन थोर कलावंत माझ्या लयीची चिरफाड करायला लागले. माझा हात जड आहे, डग्गा घुमत नाही, अमक्या गावी मी कसा खालीची मात्रा विसरलो होतो, असं एक काढत होता आणि दुसरा त्यात भर घालत होता, अर्धा आलाप एकाचा, अर्धा दुसऱ्याचा. मी दोन शाली उचलून दोघांच्या अंगावर घातल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं ते मी पुसलं नाही. शिव्या इतक्या मन लावून मी आयुष्यात कधी ऐकल्या नव्हत्या.

बक्षीस वाटताना पुन्हा कसोटी होती, कारण तिथंही मोठं बक्षीस शेवटी देतात. अण्णांना तिसरं देऊन झालं. देवळे सरांनी श्वास भरून "आणि आता, सर्वांत शेवटी" एवढं म्हटलं आणि मी माइकवर हात ठेवला. दोघांना एकदम वर बोलावलं. पदक एकच होतं. ते अजून दोघांपैकी कुणाच्याच घरी नाही. माझ्या डग्ग्याच्या खोळीला लटकवलेलं आहे, आणि सुमन म्हणते, न पळता पदक मिळवलेला माणूस सबंध मराठवाड्यात मी एकटाच.

त्या दुपारी तिनंच सगळ्यांना करमाडला नेलं. शेतात आगटी पेटवली, कोवळी कणसं भाजली, गरम हुरडा हातावर चोळून, फुंकर मारून, दही आणि लसणाची चटणी बरोबर दिली. बुवांनी गळ्याची पर्वा न करता तीनदा दही घेतलं. खाँसाहेबांनी हातमोजा काढून हुरडा चोळला आणि बोट भाजून घेतलं. "बघा," सुमन माझ्या कानात म्हणाली, "आगटीभवती बसले का नाय?" मी म्हटलं, संगीताचा परिणाम आहे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं कणीस उचललं.

आता समारोहात शेवटी कोण बसणार हा प्रश्न कुणी काढत नाही. दोघे एकदम बसतात, मी मधे असतो. पण स्वभाव कुठं जातो? आज सकाळी मी स्वेटरवर मफलर आणि मफलरवर सुमनची शाल घेऊन स्कूटर काढली. दोघांचे निरोप कुणालाच पोचवले नाहीत आणि विद्यापीठाच्या फाटकाशी गेलो. दोघे दिव्याच्या खांबाखाली आधीच येऊन उभे. तोंडातून वाफा निघतायत, पाय जागच्या जागी हलतायत, आणि निघत कुणीच नाही. आधी पाऊल टाकायचं कुणी?

"ये," बुवा म्हणाले. "दे लय."

"आहिस्ता देना मियाँ," खाँसाहेब म्हणाले. "साठ पार हो गए हम."

मी हातमोजे काढले, स्कूटरच्या गार पत्र्यावर बोटं ठेवली आणि ठेका धरला. दोघे खांद्याला खांदा लावून धुक्यात निघाले. पहिलं वळण यायच्या आत त्यांचं माझ्या नावानं सुरू झालं, आधी एक आवाज, मग दुसरा, मग दोन्ही मिळून हसण्याचा. मी स्कूटर सुरू करून त्यांच्या मागं लागलो. लय जरा चढीच दिली होती मी, मुद्दाम.